घाटातला पहिला गिअर

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की आमच्या जळगावात दोन आवाज एकदम सुरू होतात. एक कूलरचा, दुसरा वरातीतल्या गाड्यांचा. कूलरची सवय होते. वीज गेल्यावरच तो चालू होता हे कळतं. दुसऱ्याची सवय होत नाही. काल संध्याकाळी समोरच्या मंगल कार्यालयातून वरात निघाली. घोड्याच्या पुढे काळ्या काचांची एक गाडी होती आणि ती जागची हलत नव्हती. आतला मुलगा उभ्या गाडीतच रेस देत होता. इंजिन चढत चढत एका उंचीवर जायचं आणि तिथे अडखळायचं. टर्र-टट्-टट्-टट्. कुणीतरी बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवावा, काढावा, पुन्हा ठेवावा तसं. लोक त्या अडखळण्याला टाळ्या देत होते.

त्या अडखळण्याला लिमिटर म्हणतात हे मला तीन वर्षांपूर्वीच्या आखाजीला कळलं. तोवर मी त्याला नुसता उद्धटपणा समजत होतो. इंजिनाच्या फेऱ्या ठरावीक आकड्याच्या वर जाऊ लागल्या की क्षणभर पेट्रोल तोडायचं, खाली आल्या की पुन्हा द्यायचं, एवढंच त्याचं काम. चालवणारा कितीही चेकाळलेला असो, गाडी स्वतःला आवरते. ही सोय फक्त इंजिनालाच का, असं मला काल खिडकीत उभं राहून वाटलं. लग्नातल्या निवेदकाला ती बसवता आली असती. सत्काराला उत्तर देणाऱ्यांना तर कंपनीतूनच बसवून यायला हवी. चौकातल्या फ्लेक्सवर एका माणसाच्या वाढदिवसाला शुभेच्छा देणारे बेचाळीस चेहरे मी मोजले आहेत. त्रेचाळिसावा यायच्या आत कुठेतरी पेट्रोल तुटायला हरकत नव्हती.

पण ती आखाजी आठवायची तर आधी ऊन आठवतं. दुपारी अकराला रस्त्यावरचं डांबर मऊ पडायचं आणि चपलेला धरून ठेवायचं. पारोळ्याजवळच्या आमच्या गावात निंबाच्या मोहोराचा कडसर गोड वास आणि तापलेल्या पत्र्याचा वास एकमेकांत मिसळलेले असायचे. बाया चुलीवर उपडं खापर ठेवून त्यावर पुरणपोळ्या टाकायच्या, हातावरच थापून, हातावरच वाढवून, मनगटापर्यंत आलेली पोळी अलगद खापरावर सोडून. मला अजूनही ते हातसफाईसारखं वाटतं. शेजारी आंब्यांची पाटी. निंबाला झोके. माहेरी आलेल्या पोरीबाळी त्यावर उंच चढवत गाणी म्हणायच्या, आणि खाली सावलीत पुरुष पत्ते कुटत बसायचे. आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे दिवाळीहून मोठी. सासरी गेलेल्या लेकीला आणायला माहेरचा माणूस जातो, तो मुराळी. तो आला नाही तर लेक येत नाही. आणि लेक आली नाही तर सण येऊन गेला काय नि न येऊन गेला काय.

आमची आत्या, जिला घरात सगळे अक्काच म्हणतात, घाटावर दिलेली. कन्नडच्या पलीकडे. सहा-सात वर्षं ती आखाजीला आली नव्हती. आधी तिच्या मालकांचं आजारपण, मग ते गेले, मग तिचा गुडघा. त्या वर्षी तिने फोनवर विचारलं, ‘‘यंदा कोनी मुराळी येस का, का मी मरी गऊ असं समजनात?’’ फोन नानांनी घेतला होता. नाना म्हणजे आमचे काका, अक्काचे धाकटे भाऊ, वय बहात्तर. त्यांनी फोन ठेवला आणि टोपी शोधायला लागले. सणाला अजून आठ दिवस होते.

नाना एस.टी.चे ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं बस चालवली आणि एकदाही कुणाला खरचटू दिलं नाही. त्याबद्दल त्यांना बिल्ला मिळाला होता, विनाअपघात सेवेचा. तो ते लावत नसत, पण कपाटात कुठे आहे हे घरातल्या लहान पोरालाही माहीत होतं. नानांना ना पुस्तकांचं कौतुक ना पुढाऱ्यांचं. माणसाची परीक्षा ते एकाच गोष्टीवरून करत: हा घाट कसा उतरतो. ‘‘ज्या गिअरमा चढसत, त्याच गिअरमा उतरानं,’’ हे त्यांचं वाक्य आम्ही गणपतीच्या आरतीसारखं पाठ केलं होतं. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. सायकलपलीकडे काही चालवलं नाही. तरी मलाही घाट कसा उतरायचा ते तोंडपाठ होतं.

गाडी माझ्या धाकट्या भावाची, बापूची. नुकतीच घेतलेली, पांढरी, पेट्रोलची. ती घ्यायला गेलो तो दिवस विसरणं शक्य नाही. शोरूममध्ये गाडीवर लाल मखमल टाकलेली होती, जणू आतून एखादा राष्ट्रपुरुष निघणार. मखमल ओढली, टाळ्या वाजल्या, बापूच्या हातात थर्माकोलची तीन फुटी किल्ली दिली, केक कापला, फोटो काढला. खऱ्या किल्लीसोबत एक पुस्तिका मिळाली. ती माझ्याकडे आली, कारण घरात छापील काहीही आलं की ते माझ्याकडे येतं. मी ती बसल्या जागी वाचली. पहिल्या पानावर वॉरंटीचं आश्वासन होतं, ठसठशीत अक्षरांत, चार ओळी. पुढची अकरा पानं ते आश्वासन कधी लागू होणार नाही याची होती. अक्षर बारीक होत गेलं होतं. भेसळीचं पेट्रोल, पूर, शर्यत, गैरवापर, मर्यादेपलीकडे इंजिन फिरवणं. मी बापूला म्हणालो, ‘‘यात गाडी अंगणात उभी ठेवली तरच वॉरंटी आहे असं दिसतंय.’’ बापू म्हणाला, ‘‘भाऊ, तुमले बठ्ठामा खोटच दिखस.’’ आणि पुस्तिका डिकीत टाकली.

बापूच्या मुलाचं नाव पंकज. वय चोवीस, पारोळ्याला ठिबकच्या नळ्यांच्या दुकानात कामाला. गाडीच्या कर्जाचा निम्मा हप्ता तोच भरत होता, तरी गाडी बापूची म्हणूनच ओळखली जायची. आखाजीच्या आठ-दहा दिवस आधी त्याच्या मित्राची वरात होती. वरातीत पंकजने तेच केलं जे काल माझ्या खिडकीखाली त्या मुलाने केलं. उभ्या गाडीत रेस दिली, इंजिन टट्-टट् करत राहिलं, पोरं नाचली. कुणीतरी त्याचं चित्रण केलं आणि ते बापूच्या मोबाइलवर आलं, खाली नावासकट. बापूने ते पाहिलं आणि पंकजकडून किल्ली काढून घेतली. ‘‘आते हात लावानं नई,’’ एवढंच बोलला.

म्हणून अक्काला आणायला पंकज गेला नाही. किल्ली नानांना मिळाली. बापूने एक-दोनदा विचारलं, भाड्याचा ड्रायव्हर करू का. नाना म्हणाले, ‘‘मुराळी भाड्याना नई ऱ्हास.’’ सोबतीला मी. मला वाटतं मला न्यायचं कारण एवढंच की गाडीतल्या पडद्यावर इंग्रजी उमटायचं.

जाताना सगळं छान झालं. चाळीसगाव मागे पडलं, घाट चढलो. नाना दोन्ही हातांनी सुकाणू धरून, पाठ ताठ, जणू मागे पन्नास माणसं बसली आहेत. अक्काच्या घरी तिची सून दारातच म्हणाली, ‘‘आल्या मुराळ्याला आधी पाणी घ्या.’’ अक्का आत पातळ बदलत होती. ती बाहेर आली तेव्हा हातात पिशवी आणि एक आंब्यांचं टोपलं. माहेरी आंब्यांना काय तोटा, असं मी म्हणालो. ती म्हणाली, ‘‘तुमना खाईसन पाह्यनात. आते मना खा.’’

परतीच्या वाटेवर घाटाच्या माथ्यावर नानांनी गाडी थांबवली आणि अक्काला उतरवलं. खाली अख्खा खान्देश उन्हात पसरलेला होता. पांढुरका, थरथरता, कडेला अस्पष्ट. अक्का बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘आमनं गाव कोनता बाजूले?’’ नानांनी बोट दाखवलं. तिकडे धूळच होती. ती म्हणाली, ‘‘हां, दिखनं.’’

घाट बराचसा उतरून झाला होता, आणि पायथ्याजवळच्या सौम्य उतारावर नाना चौथ्यात होते. वेग साठच्या आसपास असेल. पुढे वळण आलं, समोर एक ट्रॅक्टर. नानांनी तिसरा टाकायचं ठरवलं. त्यांनी ते बसच्या पद्धतीने केलं: क्लच दाबला, दांडा मोकळा केला, क्लच सोडून एकदा रेस दिली, पुन्हा क्लच दाबला आणि दांडा रेटला. जुन्या गाड्यांत असं केल्याशिवाय गिअर पडतच नसे. नव्या गाडीला याची गरज नाही. नवी गाडी चुकीचा गिअर सहसा घेतही नाही, दांडा आतून ढकलून देते. एखादा शिकाऊ ड्रायव्हर असता तर त्याचा हात तिथेच अडला असता. पण नानांच्या मनगटाने एकतीस वर्षं बसच्या दांड्याशी कुस्ती केलेली होती, आणि मध्ये दिलेल्या त्या रेसने गाडीचा अर्धा विरोध आधीच मोडला होता. हात डावीकडे झुकला. तिसऱ्याच्या ऐवजी पहिला पडला. एवढी मोठी चूक करायला तेवढा मोठा ड्रायव्हरच लागतो, हे मला फार नंतर उमगलं.

त्या क्षणी फक्त आवाज होता. वरातीतला आवाज वर जाऊन अडखळतो. हा अडखळला नाही. तो वर गेला आणि जातच राहिला, पातळ, उंच, जिवंत प्राण्याच्या घशातून यावा तसा. आम्ही सगळे पुढे फेकले गेलो, पट्टा छातीत रुतला, आंबे टोपल्यातून सुटून पायाखाली घरंगळले. नानांनी लगेच क्लच दाबला. सगळं मिळून दोन सेकंद झाले असतील.

‘‘काय व्हयनं रे, नाना?’’ अक्का म्हणाली.

‘‘काही नई. गाडी नवी शे, जरा बोंबलनी.’’

मी मागच्या सीटवरून नानांच्या मानेकडे पाहत होतो. टोपीच्या खाली घामाची एक धार निघाली होती. मी खाली वाकून आंबे गोळा करू लागलो. चाळीसगावच्या पुढे पडद्यावर इंजिनाचं पिवळं चित्र उमटलं आणि गाडी थरथरायला लागली. नानांनी विचारलं, काय लिहिलंय. मी वाचलं: तपासणी करून घ्या. ते म्हणाले, ‘‘करू.’’ घरापर्यंत आम्ही हळूहळू आलो. चारांपैकी एक सिलिंडर मेलेलं होतं हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. अक्का अंगणात उतरली आणि झोक्यावरच्या पोरी तिच्याकडे धावल्या. त्या गलक्यात गाडीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

सकाळी गाडी सुरू होईना. ती दुसऱ्या गाडीला बांधून धुळ्याच्या वर्कशॉपला नेली. वाटेत काही झालं का, असं बापूने विचारलं तेव्हा मी म्हणालो, घाटात माझा डोळा लागला होता. आखाजीच्या दिवशी पितरांसाठी पाण्याची घागर भरली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा ठेवला, सगळे पाटावर बसले, आमरस झाला. पण घरात एक खुर्ची रिकामी असावी तसं वाटत होतं. ती गाडीची होती.

सणाच्या दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधून बोलावणं आलं. बापू, पंकज आणि मी गेलो. तिथला इरफान नावाचा मुलगा आमच्याशी बोलला, धुळ्याचाच, हसतमुख, खिशाला तीन पेनं. त्याने आम्हाला चहा दिला आणि एक छापील कागद पुढे केला. इंजिनातली एक झडप वाकलेली होती. गाडीच्या आतल्या संगणकाने सगळं टिपून ठेवलं होतं: इंजिनाच्या फेऱ्या सात हजार नऊशे, गाडीचा वेग एकसष्ट.

‘‘लिमिटर सहा हजार तीनशेला आहे, काका,’’ तो म्हणाला. ‘‘त्याच्या खूप वर गेलंय. त्यामुळे वॉरंटीत बसणार नाही.’’

बापू उभा राहिला. ‘‘वरातमा नाचाडी ना गाडी! देख आते.’’ हे पंकजला. वर्कशॉपमधली माणसं वळून पाहू लागली.

‘‘नाही काका, ऐका ना,’’ इरफान म्हणाला. ‘‘उभ्या गाडीत कितीही दाबलं तरी सहा हजार तीनशेच्या वर जाणार नाही. पेट्रोलच तुटतं. हे धावत्या गाडीत झालंय. खालचा गिअर पडला की चाकंच इंजिनाला फिरवतात. लिमिटर पाय थांबवू शकतो, चाक कसं थांबवणार? हे वरातीत...’’

‘‘मीच केलं, वरातीहून परत येताना,’’ पंकज म्हणाला.

इरफान थांबला. पंकजने कागद ओढून घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला. एकसष्ट हा आकडा त्याने माझ्या आधी वाचला होता. किल्ली त्याच्याकडे नव्हती, गाडी घाटात कुणी उतरवली हे त्याला माहीत होतं, आणि मागच्या सीटवर कोण होतं हेही. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. नजरेत मागणं नव्हतं. मी चहाच्या कपात पाहिलं. साय धरलेली होती. आयुष्यभर मी संदर्भ अचूक द्यायचे म्हणून लोकांच्या मागे लागलो, आणि हा एक संदर्भ माझ्याकडे होता तेव्हा मी सायीकडे पाहत बसलो.

बापू हार मानणारा नव्हता. तालुक्याच्या एका मोठ्या साहेबांनी त्याच्यासमोर वर्कशॉपला फोन केला. फोनवर त्यांनी स्वतःची ओळख करून देण्यात बराच वेळ घालवला आणि मग गाडीचं नाव विसरले. पण फोन झाला. अर्ज करा, कंपनी सद्भावना म्हणून थोडंफार सोसेल, असं ठरलं. अर्जात एक रकाना होता: त्या वेळी चालक कोण. त्यात पंकजचं नाव लिहिलं गेलं. बापूने घरी येऊन सगळ्यांदेखत सांगितलं की हा पोऱ्या आता पुन्हा कधी गाडीला हात लावणार नाही, आणि हप्ताही भरायची गरज नाही, त्याच्या पैशाची गाडी या अंगणात नको.

नाना निंबाखाली पत्ते खेळत होते. त्यांच्या हातात चांगली पानं असावीत, कारण समोरचा त्यांच्याकडे सावध पाहत होता. नानांनी पानं पालथी ठेवली. डाव अर्धा सोडून ते उठले आणि गोठ्याकडे गेले. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. म्हातारी माणसं उन्हाळ्यात अशी होतात, असं सगळे म्हणाले.

अक्का म्हणाली नाही. ती मला एकटं गाठून, आमरसासाठी आंबे पिळता पिळता म्हणाली, ‘‘दिल्या, तू बी व्हता ना गाडीमा?’’

‘‘व्हतू.’’

‘‘मंग तुना कानमा काय बोळा व्हता?’’

‘‘आणि तुझ्या?’’ मी चिडून विचारलं.

‘‘मना भाऊ शे तो,’’ ती म्हणाली. ‘‘मी कसं सांगू? मी त्याले वाट दी राहिनू.’’ आणि कोय इतक्या जोरात पिळली की रस तिच्या कोपरापर्यंत आला.

मला आज वाटतं, त्या दोन दिवसांत तिने नानांना एक शब्दही न बोलता जेवढं सांगितलं तेवढं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. ती त्यांना ताट वाढायची, पंकजला हाक मारून शेजारी बसवायची, आणि दोघांच्या मध्ये आंब्यांची वाटी ठेवायची. नाना खाली मान घालून जेवायचे. पंकज त्यांना पाणी द्यायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाना धुतलेला सदरा घालून माझ्यापुढे उभे राहिले. ‘‘दिल्या, चाल. धुयाले जानं शे.’’ आम्ही एस.टी.ने धुळ्याला गेलो. बसमध्ये नाना ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसले आणि सगळी वाट त्याच्या डाव्या हाताकडे पाहत राहिले. उतरताना त्याला म्हणाले, ‘‘चांगला चालाडस.’’ तो बिचारा दचकला.

वर्कशॉपमध्ये नानांनी इरफानकडे कोरा कागद मागितला. डेपोत काही घडलं की लिहून द्यायची पद्धत असते, ती त्यांनी आपल्या सबंध नोकरीत एकदाही वापरली नव्हती. तरी मजकूर कसा असतो ते त्यांना माहीत होतं. ठळक, सुटं अक्षर. मी सही करणार सेवानिवृत्त चालक, लिहून देतो की, कन्नडचा घाट उतरताना ताशी साठच्या वेगात चौथ्यातून तिसरा टाकताना माझ्याकडून पहिला पडला. दोष गाडीचा नाही. दोष पंकजचा नाही. त्या वेळी तो गाडीत नव्हता. गाडीत प्रवासी दोन होते, पैकी एक साक्षीदार म्हणून सही करीत आहे.

मग त्यांनी पेन माझ्याकडे दिलं. मला त्यांनी काही विचारलं नाही, बोलही लावला नाही. मी सही केली. माझी सही हजारो पुस्तकांच्या नोंदींवर आहे. ही त्यांच्यापेक्षा वाकडी आली.

इरफानने कागद वाचला. ‘‘आबा,’’ तो हलक्या आवाजात म्हणाला, ‘‘हे फाइलला लावलं तर अर्ज संपला. साहेबांचा फोन होता. थोडंफार मिळालं असतं.’’

‘‘ते साहेब गाडीमा व्हतात का?’’ नाना म्हणाले.

‘‘नाही.’’

‘‘मंग लाव.’’

इरफानने कागदाला भोक पाडलं आणि फाइलला लावला. जाताना तो आमच्याबरोबर फाटकापर्यंत आला. म्हणाला, त्याचे अब्बा ट्रक चालवायचे, घाटात असंच एकदा त्यांच्याकडून झालं होतं, पण त्या वेळी गाड्या काही लिहून ठेवत नसत. नाना म्हणाले, ‘‘गाडी नई लिखे, पन हात लिखी ठेवस.’’

घरी नानांनी अंगणात, सगळ्यांसमोर, जिथे बापू पंकजला बोलला होता तिथेच उभं राहून सांगितलं, ‘‘ती गाडी मी बिघाडी. पोऱ्यानी नई.’’ बापूला पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं. तो झोक्याच्या दोराची गाठ सोडून पुन्हा बांधू लागला. ती गाठ चांगली होती. मग दोराकडेच पाहत म्हणाला, ‘‘पंकज, वर्कशॉपले फोन कर. सांग, आपला खर्चानी करा. किल्ली तूच आन.’’ पंकज आत गेला. मला वाटतं तो डोळे धुवायला गेला, पण हे माझं मत आहे.

झडप कुठल्या तरी दूरच्या गोदामातून यायची होती. पाच दिवसांसाठी आलेली अक्का अठरा दिवस राहिली. कुणी तिला बसने पोचवायचं नाव काढलं की म्हणायची, ‘‘माले काय घाई शे? गाडी बरी व्हवू द्या.’’ त्या अठरा दिवसांत तिने घरातल्या सगळ्या पोरींना खापरावरची पोळी शिकवली. माहेरच्या अंगणात ती एवढ्या वर्षांत इतके दिवस कधी राहिली नव्हती. वॉरंटीच्या पुस्तिकेत या नुकसानीच्या भरपाईबद्दल काही लिहिलेलं नाही. मी पुन्हा पाहून घेतलं.

गाडी आली. अक्काला परत पोचवायचा दिवस ठरला. सकाळी गाडीत बसताना पंकजने दरवाजा उघडला, पण चालकाच्या बाजूला बसला नाही. किल्ली नानांच्या पुढे धरली.

‘‘नाना, तुम्हीच चालाडा.’’

‘‘नई भो. आते मना हात नई.’’

‘‘मुराळी कोन शे? मी शे का?’’

अक्का आधीच मागे बसली होती. ती म्हणाली, ‘‘बसा रे कोनी तरी. आंबा तपी राहिनात.’’

नाना बसले. पंकज त्यांच्या शेजारी, मी मागे अक्काजवळ. चाळीसगाव सोडून घाट सुरू झाला तशी त्यांनी एक नवी गोष्ट सुरू केली. प्रत्येक गिअर टाकायच्या आधी ते मोठ्याने सांगू लागले, आणि हात दांड्यावर ठेवून थांबू लागले. पंकज दांड्याकडे पाहून ‘हां’ म्हणाला की मगच दांडा हलायचा. बिल्ला मिळवलेला माणूस चोवीस वर्षांच्या पोराची परवानगी घेऊन घाट चढत होता. मागे दोन ट्रक हॉर्न वाजवत होते. नानांनी त्यांच्यासाठी घाई केली नाही.

‘‘तीस बरीसमा एवढा कंडक्टर तुले नई लागना,’’ अक्का मागून म्हणाली.

‘‘तू तिकीट काढं का?’’ नाना आरशात पाहून म्हणाले. त्या आखाजीत ते पहिल्यांदा हसले.

वळणावर मी पुढे वाकलो आणि पंकजच्या कानाजवळ म्हणालो, ‘‘त्या दिवशी मी जागा होतो रे. सगळं ऐकलं होतं.’’

त्याने मान वळवली नाही. त्याची नजर नानांच्या डाव्या हातावर होती.

‘‘माहीत शे, मोठे बाबा. तुम्ही गाडीमा कधी झोपतसच नई.’’

पुढचं वळण चढाचं होतं. इंजिन दमायला लागलं. नानांनी क्लच दाबला, दांडा मोकळा केला आणि तळहात त्यावर नुसता ठेवला.

‘‘दुसरा टाकस,’’ नाना म्हणाले.

पंकजने हात पाहिला, वेग पाहिला.

‘‘टाका.’’